मोठ्या आतड्याचा कॅन्सर: ‘किती दिवस?’ याचं उत्तर फाईलमध्ये कुठे असतं

मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे असं कळलं की घरातलं कुणीतरी डॉक्टरांच्या केबिनच्या दारातच विचारतं, “किती दिवस?” तोवर घरातला एखादा पुतण्या किंवा भाचा मोबाइलवर शोधून मोकळा झालेला असतो. त्याला एक टक्केवारी सापडलेली असते. ती तो कुणाला सांगत नाही, पण घरातले त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतात.

गेल्या काही वर्षांत हा आजार सतत बातम्यांत आहे. २०२० मध्ये अभिनेता चॅडविक बोसमन याच आजाराने ४३ व्या वर्षी गेला. २०२२ च्या डिसेंबरात फुटबॉलपटू पेले गेले. पन्नाशीच्या आतल्यांत हा आजार वाढतोय, असे मेसेज ग्रुपवर फिरतात आणि जगभरातल्या अनेक देशांबाबत ते खरंही आहे. २०२२ या एका वर्षात जगात १९ लाखांहून अधिक लोकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ९ लाख जण दगावले. कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुसाच्या कॅन्सरनंतर याचाच नंबर लागतो.

मी डॉक्टर नाही. नाशिकमध्ये राहून आरोग्यावर लिहिते, त्यामुळे ओळखीपाळखीतून फाईली माझ्यापर्यंत येतात आणि सगळ्यांना एकच आकडा हवा असतो. तो आकडा कसा काढतात, कुणाचा असतो आणि आपल्या माणसाच्या बाबतीत तो कशाने वर-खाली होतो, एवढंच इथे सांगायचं आहे.

आधी आतडं

मोठं आतडं म्हणजे साधारण दीड मीटरची नळी. तिचा शेवटचा १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय, ज्याला डॉक्टर रेक्टम म्हणतात. नळीच्या भिंतीला आतून बाहेर असे थर असतात. सगळ्यात आतल्या अस्तरावर कधी कधी मांसाचा छोटा उंचवटा येतो, तो पॉलिप. बहुतेक पॉलिप काहीच करत नाहीत. त्यातल्या काहींचा मात्र कॅन्सर होतो आणि त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, पॉलिप दिसला तर तिथल्या तिथे काढता येतो. पॉलिप निघाला की त्यातून होऊ शकणारा कॅन्सर टळतो. इतका वेळ देणारे कॅन्सर फार थोडे आहेत.

स्टेज म्हणजे नेमकं काय?

दिंडोरी-निफाडकडच्या वाचकांना हे द्राक्षबागेवरून चटकन कळेल. डाऊनी या बुरशीचा डाग एकाच पानावर असताना दिसला, तर पान खुडलं की बरंचसं काम झालं. तोच घडात उतरला तर काम वाढतं. वाऱ्याने शेजारच्या प्लॉटमध्ये गेला तर हिशोबच बदलतो. रोग तोच, फक्त कुठवर पोचलाय यावर सगळं ठरतं.

इथेही तसंच आहे. गाठ भिंतीच्या आतल्या थरांतच असेल तर पहिली स्टेज. भिंतीच्या सगळ्यात बाहेरच्या थरापर्यंत किंवा त्याहून पुढे गेली पण इतर कुठे नाही, तर दुसरी. जवळच्या लसिका ग्रंथींमध्ये (डॉक्टर त्यांना नोड म्हणतात) कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर तिसरी. लिव्हर, फुप्फुस किंवा पोटाच्या आतल्या आवरणावर पोचला तर चौथी. गाठ किती मोठी आहे याला इथे फारसं महत्त्व नाही. सुपारीएवढी गाठ तिसऱ्या स्टेजची असू शकते आणि लिंबाएवढी दुसऱ्या.

ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी बायोप्सीचा मोठा रिपोर्ट येतो. त्यात एक ओळ असते: टी-३, एन-१-बी, आणि पुढे कुठेतरी २/१८. घरचे ही ओळ सोडून थेट शेवटचं वाक्य वाचतात, आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी ओळ हीच आहे. टी-३ म्हणजे गाठ भिंतीच्या स्नायूंच्या थरापार गेली आहे. एन-१-बी म्हणजे जवळच्या दोन किंवा तीन ग्रंथींत पोचली आहे. २/१८ म्हणजे काढलेल्या भागातल्या १८ ग्रंथी तपासल्या, त्यातल्या २ मध्ये पेशी सापडल्या. म्हणजे तिसरी स्टेज. या दोन आकड्यांतला दुसराही नीट पाहा. किमान १२ ग्रंथी तपासाव्यात असा संकेत आहे. तिथे ०/५ लिहिलं असेल, तर “ग्रंथी स्वच्छ आहेत” यावर निश्चिंत होता येत नाही, कारण फार थोड्या पाहिल्या गेल्या. अशा वेळी पुढच्या उपचारांचा निर्णय वेगळा होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना हे जरूर विचारा.

९०, ७३, १५: हे आकडे कुणाचे?

मोबाइलवर सापडणारे आकडे बहुतेक अमेरिकेचे असतात. कॅन्सर आतड्यापुरताच असताना सापडला तर पाच वर्षांनी हयात असणारे शंभरात ९० च्या आसपास. जवळच्या ग्रंथींपर्यंत गेला असेल तर ७३-७४. दूर पसरला असेल तर १५ च्या आसपास.

पहिली गोष्ट, पाच वर्षं हा मोजायचा टप्पा आहे. पाच वर्षांनंतर माणूस जातो असा त्याचा अर्थ कुणीही काढू नये. नव्वदातले बरेचसे पुढे म्हातारपणी दुसऱ्याच कारणाने जातात. दुसरी गोष्ट, पाच वर्षांचा हिशोब करायचा तर पाच वर्षांपूर्वी किंवा त्याआधी निदान झालेले लोकच घ्यावे लागतात. त्यांना त्या काळातली औषधं मिळालेली असतात. आज निदान झालेल्या माणसाला आजची मिळतील.

चौथ्या स्टेजला आणखी एक शब्द कानावर पडतो: मीडियन. मोठ्या अभ्यासांत, आजच्या औषधांनिशी, चौथ्या स्टेजचा मीडियन अडीच वर्षांच्या आसपास निघतो. याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याआधी गेले आणि निम्मे त्यापुढे जगले. पुढच्या निम्म्यांतले काही पाच वर्षं, काही दहा वर्षं. घरी मात्र “डॉक्टरांनी अडीच वर्षं दिली” एवढंच पोचतं आणि सगळे कॅलेंडर मोजायला लागतात.

एक दिलासा कुणी सहसा सांगत नाही. ऑपरेशन आणि केमो होऊन आजार परत न येता दोन-तीन वर्षं गेली, की सुरुवातीची टक्केवारी तुमची उरत नाही, ती वर सरकते. परतणारा आजार बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच परततो.

मग भारतात आकडा इतका खाली का?

भारतात पाच वर्षं जगणाऱ्यांचं एकूण प्रमाण ४० टक्क्यांच्याही खाली नोंदवलं गेलं आहे. अमेरिकेत सगळ्या स्टेज मिळून ते ६५ च्या आसपास आहे. आपल्याकडे लोक उशिरा पोचतात आणि उपचार अर्धवट सुटतात, ही त्याची मोठी कारणं. यातलं बरंचसं घरात घडतं, दवाखान्यात नाही.

शौचातून रक्त पडलं की नाशिकमध्ये पहिला संशय मिसळीवर जातो. “तर्री जास्त झाली, उष्णता वाढली.” मग सब्जा, ताक, इसबगोल. महिन्याभराने “मूळव्याधच आहे, कुणाला नसते?” मग भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीतला मूळव्याध-भगंदर-फिशरवाला. तिथे पुडी मिळते, रक्त थोडं थांबतं, पुन्हा सुरू होतं. बागायतदार असेल तर छाटणी, फवारणी, मग माल, मग व्यापाऱ्याचे पैसे. “माल निघू दे, मग बघू.” ऑक्टोबरात सुरू झालेलं रक्त एप्रिलमध्ये डॉक्टरांसमोर येतं, तेव्हा वजन आठ किलोनं उतरलेलं असतं.

मूळव्याध खरोखर असू शकते. पण ती आहे म्हणून वरच्या बाजूला कॅन्सर नाही, असं होत नाही. दोन्ही एकाच माणसात असतात. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ डॉक्टरांना बऱ्याचदा बोटानेच लागते, दोन मिनिटांच्या तपासणीत. ती तपासणी न करता कुणी मूळव्याधीचं औषध देत असेल तर “आत तपासता का?” असं विचारायला लाजू नका. बायका तर हे दुखणं नवऱ्यालाही सांगत नाहीत. घरातल्या मुलींनी, सुनांनी आईला, सासूबाईंना आपणहून विचारावं, असं मला फार वाटतं.

आणखी एक लक्षण अगदी हमखास निसटतं. उजव्या बाजूच्या आतड्यातला कॅन्सर बऱ्याचदा दिसेल असं रक्त पाडत नाही. थोडं थोडं झिरपत राहतं आणि फक्त हिमोग्लोबिन उतरतं. दम लागतो, थकवा येतो. आपल्याकडे ॲनिमिया इतका सर्रास आहे की लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपतो. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या बाईला लोह कमी पडून ॲनिमिया झाला, तर रक्त जातंय कुठे हे शोधलंच पाहिजे.

“पण हा तर म्हाताऱ्यांचा आजार ना?” मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलने आपल्याकडच्या ८०० रुग्णांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचं सरासरी वय साधारण ४७ होतं. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, मोठं आतडं नाही. म्हणजे बोलावून तपासणारं कुणी नाही, आपल्यालाच जावं लागणार.

फाईलमध्ये आणखी काय पाहायचं?

स्टेज सारखी असूनही दोन माणसांचं पुढचं आयुष्य सारखं नसतं. गाठ पूर्ण निघाली का, कापलेल्या कडेला पेशी राहिल्या का (रिपोर्टमध्ये ‘मार्जिन’ लिहिलेलं असतं), आतडं बंद पडून किंवा फुटून तातडीने ऑपरेशन करावं लागलं का, पेशी कुठल्या प्रकारच्या आहेत, यावर बरंच ठरतं. सिग्नेट रिंग नावाचा प्रकार आक्रमक असतो आणि आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो.

यापलीकडे एक तपासणी प्रत्येकाने मागावी: एमएमआर. पेशीची नक्कल होताना जनुकांत चुका होतात. त्या दुरुस्त करणारी यंत्रणा बंद पडली आहे का, हे ती सांगते. ती गाठीच्या जपून ठेवलेल्या तुकड्यावरच होते, त्यासाठी पुन्हा सुई नाही की भूल नाही. शंभरात साधारण १५ जणांत ही यंत्रणा बिघडलेली सापडते, गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये त्याहून कमी. अशा रुग्णांना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सर ओळखायला लावणारी औषधं, फार चांगली लागू पडू शकतात. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये अशा १२ रुग्णांच्या गुदाशयातली गाठ डोस्टारलिमॅब या औषधाने पूर्ण नाहीशी झाली. ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. बातमी “कॅन्सरवर औषध सापडलं” अशी फिरली. ते औषध याच प्रकारच्या रुग्णांसाठी होतं, इतरांना त्याचा तसा उपयोग नाही, आणि ते महाग आहे. पण आपला रुग्ण त्या गटात आहे की नाही हेच माहीत नसणं, ही मात्र टाळता येणारी गोष्ट आहे.

गाठीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या आणि जपा. दुसरं मत घ्यायला गेलात की पहिल्यांदा तेच मागतात.

“चौथी स्टेज म्हणजे संपलंच ना?”

नाही. हा कॅन्सर पसरला तरी बऱ्याचदा आधी लिव्हरपुरता राहतो, आणि लिव्हर कापलं तरी पुन्हा वाढतं. लिव्हरमधल्या गाठी मोजक्या आणि काढता येण्याजोग्या असतील, तर ऑपरेशन झालेल्या निवडक रुग्णांत पाच वर्षं जगणारे शंभरात ४० च्या आसपास असतात. त्यातले काही कायमचे बरे होतात. म्हणून चौथी स्टेज ऐकल्यावर पहिला प्रश्न हा हवा: “लिव्हरचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना स्कॅन दाखवला का? आज जमत नसेल तर केमोनंतर जमेल का?”

सगळ्यांना ते शक्य नसतं. पोटाच्या आवरणावर पसरलेला आजार जास्त अवघड असतो. जिथे बरं होणं हातात नाही, तिथे वेदना, उलट्या आणि भीती कमी करणारे उपचार पहिल्या दिवसापासून हक्काने मागा. ते मागितले म्हणजे हार मानली, असं होत नाही.

“सुरी लागली की पसरतो म्हणतात”

हे मी प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकते आणि यापायी माणसं गमावताना पाहिलंय. पोट उघडल्यावर आजार पसरलेला सापडला आणि माणूस दोन महिन्यांत गेला, अशी एखादी गोष्ट नात्यात घडलेली असते. तिथे आजार आधीच पसरलेला होता, कळला ऑपरेशनच्या वेळी. पहिल्या तीन स्टेजमध्ये बरं होण्याचा मुख्य रस्ता ऑपरेशन हाच आहे. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा आधी रेडिएशन आणि केमो देतात, आणि काही जणांची गाठ त्यानेच इतकी पूर्ण जाते की ऑपरेशन न करता बारकाईने लक्ष ठेवता येतं. तो निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, शेजाऱ्यांनी नाही.

“ऑपरेशन झालं, सगळं निघालं, मग केमो कशाला?”

डाग पडलेली पानं खुडल्यावरही बागायतदार फवारणी करतो, कारण न दिसणारं काहीतरी उरलेलं असू शकतं. तिसऱ्या स्टेजमध्ये केमो त्यासाठीच देतात. ती शक्यतो ऑपरेशननंतर आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी. उशीर झाला की फायदा घटत जातो. “लग्न उरकून घेऊ, मग सुरू करू” हे कृपा करून टाळा.

केमो म्हटलं की टक्कल डोळ्यांसमोर येतं. या कॅन्सरच्या नेहमीच्या औषधांनी केस विरळ होतात, सहसा पूर्ण जात नाहीत. त्रास वेगळा असतो. त्यातल्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाने हातापायांना मुंग्या येतात आणि गार काही सोसत नाही. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी नळाखाली हात धरला तर झिणझिण्या थेट कोपरापर्यंत जाऊ शकतात. मुंग्या वाढत असतील तर अंगावर काढू नका, डोस कमी करता येतो. तिसऱ्या स्टेजच्या कमी धोक्याच्या गटात काही वेळा सहाऐवजी तीन महिन्यांची केमोही पुरते, तेही विचारा. वयाची सत्तरी उलटली एवढ्या कारणाने उपचार नाकारू नका. माणूस रोज किती हिंडतो-फिरतो, खातो काय, हे वयाहून महत्त्वाचं.

पिशवी

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये कधी कधी पोटावर वाट करून तिथे पिशवी लावतात. त्या वाटेला स्टोमा म्हणतात. अनेकांची ती तात्पुरती असते, काही महिन्यांनी बंद करतात. काहींची कायमची राहते. पिशवी लावून माणसं दुकानं चालवतात, शाळेत शिकवतात, एसटीने प्रवास करतात, आंघोळ करतात. पहिले दोन महिने कठीण जातात. कातडी जळते, वास येईल ही धास्ती असते, लोकांत बसवत नाही. ऑपरेशनआधीच स्टोमा नर्सला भेटवा, पिशवी असलेल्या एखाद्या माणसाशी बोलणं करून द्या. केवळ पिशवीच्या भीतीने ऑपरेशन टाळणारे आजही आहेत.

“पेशंटला सांगू नका हं, खचेल तो”

ज्याला रेडिएशनच्या खोलीत पंचवीस वेळा नेलं जातं, त्याला कळतंच. फक्त मग त्याला कुणाशी बोलता येत नाही. माहीत नसलेला माणूस तिसऱ्या केमोला “आता मला बरं वाटतंय, बास झालं” म्हणून थांबतो, आणि त्याला थांबू नको म्हणायला आपल्याकडे कारण उरत नाही. किती सांगायचं, कधी सांगायचं हे त्याच्या कलाने ठरवा. पण खोटं सांगून उपचार पूर्ण करून घेणं फार अवघड जातं.

मुंबई की नाशिक, आणि पैसे

पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून परळचं टाटा हॉस्पिटल गाठणारे नाशिककर पिढ्यान् पिढ्या आहेत. गुदाशयाचं ऑपरेशन आणि लिव्हरचं ऑपरेशन, या दोन गोष्टी ज्यांच्या हाताखालून नेहमी जातात अशाच सर्जनकडे कराव्यात, मग ते मुंबईत असोत की नाशकात. केमोची नेहमीची औषधं आणि वेळापत्रक मात्र सगळीकडे जवळपास सारखंच असतं. ती घराजवळ घेतली तर पूर्ण होण्याची शक्यता वाढते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं टेबल असतं, ॲडमिट होण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे जा. शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयातही चौकशी करा.

उपचार संपल्यावर

“आता काय खायचं?” हा प्रश्न सगळे विचारतात. “आता किती चालायचं?” हा जवळपास कुणीच नाही. २०२५ मध्ये चॅलेंज नावाच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रक. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटात ९० टक्के हयात होते, दुसऱ्या गटात ८३. बहुतेकांचा व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालणं. कृषीनगरच्या ट्रॅकवर किंवा गोदापार्कला ते फुकट होतं. डॉक्टरांना विचारून, हळूहळू वाढवत. केमोच्या ऐवजी नाही, केमोनंतर.

तपासण्याही चुकवू नका. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए ही रक्ततपासणी, ठरावीक काळाने सीटी स्कॅन, आणि ऑपरेशननंतर वर्षभरात कोलोनोस्कोपी. आजार परत आलाच तर तो लहान असताना सापडावा, पुन्हा काढता यावा, यासाठी हे सगळं.

आणि फाईल मिटण्याआधी रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना बोलवा. त्यांनी वयाच्या ४० व्या वर्षी, किंवा रुग्णाला निदान झालं त्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यायची असते. रुग्णाला ४६ व्या वर्षी कळलं असेल तर त्यांनी ३६ व्या वर्षी. त्यांना काही त्रास होत नसला तरीही.